रात्रपाळीतील क्ष-किरण विभाग: मुंबईतील एका ट्रस्ट रुग्णालयाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण मुंबईच्या पूर्व उपनगरांतील, सुमारे दोनशे खाटांच्या एका धर्मादाय रुग्णालयाचे आहे. रुग्णालयाची व व्यक्तींची ओळख पटू नये म्हणून नावे वगळली आहेत आणि काही किरकोळ तपशील बदलले आहेत. रुग्णालयात एक सीटी स्कॅन, एक १.५ टेस्लाचे एमआरआय, तीन सोनोग्राफी यंत्रे, दोन एक्स-रे खोल्या आणि अतिदक्षता विभागासाठी एक पोर्टेबल एक्स-रे यंत्र आहे. त्या वेळी विभागात चार रेडिओलॉजिस्ट होते, त्यांपैकी दोघे पूर्णवेळ; टेक्निशियन सात.

दिवसाचे काम सुरळीत चाले. रात्री आठ ते सकाळी आठ या पाळीत मात्र संपूर्ण विभागाला एकच टेक्निशियन असे, आणि रेडिओलॉजिस्ट घरून ‘कॉल’वर. ही व्यवस्था बसली तेव्हा रात्रीचे काम म्हणजे मारामारीच्या एमएलसी (पोलिसांकडे नोंद होणाऱ्या) केसच्या एक्स-रे प्लेट्स, एखादा दुचाकीवरून पडलेला तरुण, दम्याच्या रुग्णाचा छातीचा एक्स-रे, एवढेच होते. सीटी झालाच तर टेक्निशियन मॉनिटरचे फोटो मोबाइलवर काढून व्हॉट्सअ‍ॅपने रेडिओलॉजिस्टला पाठवी, आणि ‘रक्तस्राव नाही’ असे दोन शब्दांचे उत्तर आले की ते तोंडी कॅज्युअल्टीला कळवले जाई. लेखी रिपोर्ट दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत. ही पद्धत अनेक लहान-मध्यम रुग्णालयांच्या अंगवळणी पडलेली आहे. तिच्यातला धोका असा की ज्या दोन शब्दांवर उपचार ठरले, त्यांचा केसपेपरवर मागमूसही उरत नाही.

पुढे ट्रस्टने अतिदक्षता विभागाच्या खाटा वाढवल्या, कॅज्युअल्टी नव्याने बांधली आणि पक्षाघाताच्या रुग्णांना चोवीस तास उपचार मिळतील असे जाहीर केले. त्यासाठी झालेल्या बैठकांना न्यूरोलॉजिस्ट, अतिदक्षता विभागाचे प्रमुख, मेट्रन आणि हिशेब खाते हजर होते; क्ष-किरण विभागातून कोणालाही बोलावले नव्हते. या प्रकरणातील पहिला निर्णय तोच, आणि तो आपण घेत आहोत हे बैठकीतील कोणाच्याही लक्षात आले नव्हते.

अडचण

पक्षाघातात मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली असेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मात्र रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन जिवावर बेतू शकते, आणि दोन्हींतला फरक बाहेरून तपासून खात्रीने सांगता येत नाही. म्हणून आधी प्लेन सीटी, मग निर्णय. रुग्ण दारात आल्यापासून वीस-पंचवीस मिनिटांत सीटी व्हावा, असे उपचाराचे संकेत सांगतात. रुग्णालयाने चोवीस तासांची जी हमी दिली होती, ती या अर्ध्या तासावर उभी होती.

एका रात्री पावणेबाराच्या सुमारास असा एक रुग्ण आला तेव्हा टेक्निशियन चौथ्या मजल्यावर अतिदक्षता विभागात पोर्टेबल एक्स-रे काढत होता. सीटीच्या खोलीला कुलूप होते. रुग्णाला खाली नेणारा मामा (वॉर्डबॉयला आपल्याकडे सगळेच मामा म्हणतात) दुसऱ्या रुग्णाला प्रसूतिकक्षात सोडायला गेला होता. इंजेक्शन मिळाले, पण मुदतीच्या अगदी काठावर. दुसऱ्या दिवशी न्यूरोलॉजिस्टने वैद्यकीय अधीक्षकांना लेखी पत्र दिले. त्याच महिन्यात पोटाच्या कॉन्ट्रास्ट (शिरेतून औषध टोचून केलेल्या) सीटीनंतर एका रुग्णाच्या अंगावर गांधी उठल्या आणि रक्तदाब उतरला. त्या वेळी सीटीपाशी टेक्निशियनखेरीज कोणी नव्हते. अतिदक्षता विभागातील डॉक्टर धावत आले म्हणून निभावले. आणि रात्री तीन-तीनदा उठून सकाळी नऊला सोनोग्राफीच्या यादीसमोर बसणाऱ्या ज्येष्ठ रेडिओलॉजिस्टने राजीनामा दिला.

हा राजीनामा इतर दोन घटनांपेक्षा मोठा ठरला. व्यवस्थापनाने संपूर्ण अडचणीला ‘रात्री रिपोर्ट द्यायला डॉक्टर नाही’ असे नाव दिले, आणि पुढचे काही महिने सर्व चर्चा त्या नावाभोवतीच फिरत राहिली.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय रात्रीसाठी रेडिओलॉजिस्ट रुग्णालयातच ठेवण्याचा. तिघांनी आळीपाळीने रात्र केली आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी घेतली, तर दिवसाच्या ओपीडीची सोनोग्राफी बुडते, आणि विभागाचे उत्पन्न तिच्यावरच चालते. नवा डॉक्टर मिळवावा, तर स्वतःचे सेंटर किंवा दिवसाची नोकरी सोडून रात्री येणारा रेडिओलॉजिस्ट मुंबईत सहज मिळत नाही. त्यात गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याच्या नियमांनुसार एका डॉक्टरची नोंद एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोन सोनोग्राफी केंद्रांवरच होते. त्यामुळे इतरत्र दोन ठिकाणी काम करणाऱ्याला ‘आठवड्यातून दोन रात्री या’ असेही सांगता येत नाही. पदव्युत्तर विद्यार्थी असते तर चित्र वेगळे दिसले असते. महापालिकेच्या केईएम, सायन, नायर या रुग्णालयांत रात्रीचा मोठा भार निवासी डॉक्टर उचलतात. येथे तो अभ्यासक्रमच नव्हता, आणि त्याची मान्यता मिळवणे हे काही महिन्यांचे काम नव्हते.

दुसरा पर्याय टेलिरेडिओलॉजीचा. सीटी, एमआरआय आणि एक्स-रेच्या प्रतिमा पॅक्समधून (प्रतिमा साठवून पाठवणाऱ्या संगणक यंत्रणेतून) बाहेर जातात आणि दुसऱ्या शहरातला रेडिओलॉजिस्ट प्रत्येक स्कॅनमागे ठरलेल्या दराने रिपोर्ट देतो. विश्वस्तांना हा पर्याय पटला, कारण खर्च कामाच्या प्रमाणात होतो, पगार वाढत नाही.

तिसरा, संपूर्ण विभाग कंत्राटदाराकडे सोपवण्याचा. यावर एक बैठक गेली. कंत्राटदाराच्या प्रस्तावातही रात्री एकच टेक्निशियन होता, हे कोणीतरी पान उलटून दाखवले आणि विषय तिथेच संपला. रात्री सीटी बंद ठेवून रुग्ण जवळच्या डायग्नोस्टिक सेंटरला पाठवण्याची सूचनाही आली. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण मध्यरात्री अँब्युलन्समधून स्कॅनला पाठवण्याची कल्पना ज्यांनी मांडली, त्यांनीच ती मागे घेतली.

चौथा पर्याय दुसऱ्या टेक्निशियनचा. विभागाच्या मुख्य टेक्निशियनने तो मांडला आणि हिशेब खात्याने तो बाजूला ठेवला. रात्रीच्या एका जागेसाठी आठवड्याला चौऱ्याऐंशी तास भरावे लागतात. अठ्ठेचाळीस तासांच्या आठवड्याने भागले तर एका जागेला पावणेदोन माणसे लागतात, आणि रजा-आजारपण धरले की दोनाहून अधिक. ‘एक माणूस वाढवा’ या मागणीची किंमत दोन-अडीच पगार आहे, हे हिशेब खात्याचे म्हणणे खरे होते. पण त्या पगारांच्या बदल्यात नेमके काय मिळेल, हे कोणी मोजलेच नव्हते.

निर्णय आणि अंमलबजावणी

व्यवस्थापनाने टेलिरेडिओलॉजीचा करार केला. करारात दोन अटी चांगल्या होत्या. रिपोर्टवर वाचणाऱ्या डॉक्टरचे नाव व वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक असावा, आणि पक्षाघाताच्या सीटीचा प्राथमिक निष्कर्ष ठरलेल्या मिनिटांत फोनवर सांगावा. व्हॉट्सअ‍ॅपवरचे फोटो त्या दिवसापासून बंद झाले, आणि या प्रकरणातील सर्वांत निर्विवाद सुधारणा तीच आहे.

रिपोर्ट वेळेत येऊ लागले, तरीही न्यूरोलॉजिस्टच्या तक्रारी थांबल्या नाहीत. तेव्हा अधीक्षकांनी मुख्य टेक्निशियनला बोलावून कारण विचारले. त्यांचे उत्तर असे होते: “सर, रिपोर्ट उशिरा येतो असं आपण म्हणतोय, पण पेशंट टेबलावरच उशिरा येतो. मी वर पोर्टेबलला असलो तर खाली कोण आहे?”

त्यानंतर सीटीच्या कन्सोलपाशी एक साधी वही ठेवण्यात आली. तिच्यात फोन कधी आला, रुग्ण दारात कधी पोचला, स्कॅन कधी सुरू झाला आणि रिपोर्ट कधी हाती आला, या चार वेळा लिहायच्या होत्या. महिनाभराच्या नोंदी एकत्र पाहिल्यावर जे दिसले, त्याने चर्चेची दिशा बदलली. वेळ जात होता तो मुख्यतः स्कॅनच्या आधी. टेक्निशियन वेगळ्याच मजल्यावर, स्ट्रेचर ढकलायला माणूस नाही, क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट आलेला नाही, संमतीपत्रावर सही करणारा नातेवाईक औषध आणायला गेलेला. शिवाय कामाची गर्दी रात्रभर सारखी नव्हती. आठ ते एक या वेळात ती दाट होती, मग ओसरत होती आणि पहाटे पाचला पुन्हा उसळत होती.

पहाटेची गर्दी रुग्णालयाने स्वतःच निर्माण केली होती. सकाळच्या राउंडपूर्वी प्लेट्स तयार असाव्यात म्हणून अतिदक्षता विभागातील बहुतेक रुग्णांचे छातीचे एक्स-रे रोज पहाटे सरसकट काढले जात. ट्यूब बदलली, नवी नळी घातली, प्रकृती बिघडली, अशा कारणापुरताच पोर्टेबल एक्स-रे काढावा, हे आता अतिदक्षता उपचारांत सर्वमान्य आहे. तरीही विभागप्रमुखांना ते मान्य करायला वेळ लागला, आणि त्यांची बाजू पूर्णपणे चुकीची नव्हती: रात्री नवखा डॉक्टर ड्यूटीवर असताना रोजचा एक्स-रे ही त्यांची खबरदारी होती. शेवटी सरसकट प्लेट्स बंद झाल्या आणि उरलेल्या सकाळी साडेसातनंतर, म्हणजे दिवसपाळीचे लोक येऊ लागल्यावर, काढायचे ठरले. एकही माणूस न नेमता पहाटेचे जवळजवळ दोन तास मोकळे झाले.

मग दुसऱ्या टेक्निशियनचा प्रश्न वेगळ्या रूपात समोर आला. गर्दी एकपर्यंतच असेल तर त्याला दुपारी चार ते मध्यरात्र अशी पाळी का देऊ नये, असे हिशेब खात्याने सुचवले. कागदावर हे बिनतोड होते. पण मुंबईत पाळी घड्याळाइतकीच लोकलच्या वेळापत्रकावर ठरते. टेक्निशियन बदलापूर, टिटवाळा, विरार या बाजूंना राहतात. मध्यरात्री सुटलेल्या माणसाने कपडे बदलून, सोबत्याला काम समजावून स्टेशन गाठेपर्यंत शेवटची गाडी निघून गेलेली असते, आणि पुढची चारच्या सुमारास. ती पाळी नावाला आठ तासांची, प्रत्यक्षात बारा तासांचीच झाली असती. म्हणून दुसरी जागाही पूर्ण रात्रीची ठेवली. एकानंतर दोघांपैकी एक आळीपाळीने आडवा होऊ शकेल, एवढी सोय विभागाच्या मागच्या खोलीत करण्यात आली. टेक्निशियनची दोन पदे वाढवली, आणि दिवसाच्या एक्स-रेवरील दोघांना सीटीचे प्रशिक्षण देऊन रात्रीच्या रोस्टरमध्ये घेतले. सीटी पात्र टेक्निशियननेच चालवावा, ही अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवान्याची अट आहे. त्यामुळे ‘मामाला बटण शिकवा’ हा अधूनमधून गमतीने डोके वर काढणारा उपाय उपलब्ध नव्हता, आणि नसावाच.

नव्या नेमणुकांत एक महिला होती. महिला टेक्निशियनना रात्रपाळी द्यायचीच नाही, अशी विभागाची अलिखित प्रथा होती, आणि ती त्यांच्या भल्यासाठी आहे असे सर्वजण मानत. परिणामी पुरुष टेक्निशियनच्या रात्री दुप्पट होत आणि महिलांचा रात्रभत्ता बुडे. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार स्त्रीच्या संमतीने रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत काम देता येते. मात्र सुरक्षितता आणि घराच्या दारापर्यंतची वाहतूक ही मालकाची जबाबदारी असते. आतून कडी लागणारी विश्रांतीची खोली, कॉरिडॉरमधला कॅमेरा आणि गाडी यांची व्यवस्था झाल्यावर आधीपासून असलेल्या आणखी एका महिला टेक्निशियनने स्वतःहून रात्री मागून घेतल्या.

कॉन्ट्रास्टसाठी नियम झाला की कॅज्युअल्टीतील एमबीबीएस किंवा त्यावरील पात्रतेचा डॉक्टर प्रत्यक्ष हजर असल्याशिवाय इंजेक्शन दिले जाणार नाही, आणि अ‍ॅड्रिनलिनचा ट्रे सीटीच्या खोलीतच राहील. रात्रीचे काही आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी) होमिओपॅथी पदवीधर होते, म्हणून पात्रता लिहिणे भाग पडले. एमआरआय रात्री बंदच ठेवले. मज्जारज्जूवर दाब आल्याची शंका असेल तरच ते उघडायचे, आणि तेही दोन प्रशिक्षित माणसे हजर असताना. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतच एका रुग्णाचा नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला आणि यंत्राकडे ओढला जाऊन मृत्युमुखी पडला. स्कॅन चालू नसला तरी चुंबक चालूच असतो, हे रात्रीच्या नव्या माणसाला माहीत असेलच असे गृहीत धरता येत नाही.

परिणाम

पक्षाघाताच्या रुग्णाचा सीटी आता बहुतेक वेळा ठरलेल्या वेळेत सुरू होतो. उरलेले तीन रेडिओलॉजिस्ट टिकले. पावसाळ्यात रेल्वे ठप्प होते तेव्हा सकाळचा रिलीव्हर येत नाही आणि रात्रीचा माणूस वीस-बावीस तास अडकतो, ही जुनी तक्रारही कमी झाली. हवामान खात्याचा रेड अलर्ट असेल त्या दिवशी जवळपास राहणाऱ्या टेक्निशियनला सकाळची पाळी देण्याची पद्धत बसली आहे.

दोन परिणाम मात्र कोणी अपेक्षिले नव्हते. पहिला संवादाचा. दूरच्या रेडिओलॉजिस्टला जुन्या प्रतिमा दिसत नसत, आणि मागणीपत्रावर ‘पोटात दुखते’ एवढेच लिहिलेले असे. एका वृद्ध रुग्णाच्या डोक्यातील पातळ रक्तस्राव रात्रीच्या रिपोर्टमध्ये निसटला आणि सकाळी येथील डॉक्टरांना जुन्या स्कॅनशेजारी ठेवल्यावर दिसला. तोवर रुग्ण घरी गेला होता. त्याला फोन करून परत बोलावले आणि पुढे तो बरा झाला. पण फोन कोणी करायचा यावरच सकाळचा एक तास गेला. त्यानंतर नियम झाला: रात्रीचा रिपोर्ट प्राथमिक मानायचा, सकाळी तो येथील रेडिओलॉजिस्टने पाहायचा, फरक निघाला तर वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंदायचा आणि रुग्णाला कळवण्याची जबाबदारी दाखल करणाऱ्या कन्सल्टंटची. गंभीर निष्कर्षाचा फोन लँडलाइनवर न येता ड्यूटी डॉक्टरच्या मोबाइलवर येतो, आणि ऐकणाऱ्याने तो परत म्हणून दाखवायचा असतो.

दुसरा परिणाम अधिक अवघड आहे. सोनोग्राफी दुरून होत नाही. आपल्या देशात ती टेक्निशियनने करायची नसून पात्र, नोंदणीकृत डॉक्टरनेच करायची असते, यंत्राची नोंद असावी लागते, गर्भवतीसाठी गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याचा फॉर्म एफ भरावा लागतो. त्यामुळे रात्री सीटी सहज मिळू लागला आणि सोनोग्राफी पूर्वीइतकीच दुर्मीळ राहिली. कॅज्युअल्टीतील डॉक्टर जे मिळते तेच मागतो. मूतखड्याच्या किंवा अपेंडिक्सच्या शंकेचे जे तरुण रुग्ण सोनोग्राफीवर निभावले असते, त्यांचेही सीटी होऊ लागले. प्रत्येक मागणी एकेकटी पाहिली तर समर्थनीय होती. वहीतली पाने सलग वाचल्यावरच ओघ कळला. माझ्या मते टेलिरेडिओलॉजी स्वीकारणाऱ्या कोणत्याही रुग्णालयाने सर्वांत आधी यावर लक्ष ठेवावे, कारण त्याची किंमत किरणोत्साराच्या रूपाने रुग्ण मोजतो आणि ताळेबंदात ती उत्पन्न म्हणून दिसते. आता पस्तिशीच्या आतील रुग्णाच्या पोटाच्या सीटीसाठी रात्री कन्सल्टंटची सही लागते. सही सहसा मिळतेच, पण मागण्या उतरल्या आहेत.

वेगळे काय करता आले असते

वही करारापूर्वी ठेवली असती, तर क्रम उलटा झाला असता: आधी पहाटेच्या प्लेट्स, मग दुसरा टेक्निशियन आणि मामा, आणि शेवटी रिपोर्टिंगचा करार. या क्रमाने कदाचित ज्येष्ठ रेडिओलॉजिस्टही राहिल्या असत्या. राजीनाम्यात त्यांनी झोपमोडीबरोबरच ‘रात्रीचे बरेच फोन अनावश्यक असतात’ असेही लिहिले होते, आणि कोणत्या कारणासाठी फोन करावा याची यादी करायला एक दुपार पुरली असती. ती यादी पुढे झाली. गर्भाशयाबाहेरील गर्भधारणेची शंका, प्रसूतीतील रक्तस्राव, पोटाला मार लागलेला अस्थिर रुग्ण आणि अंडकोषाला पीळ, एवढ्यांसाठीच रात्री रेडिओलॉजिस्टला बोलावले जाते, आणि फोन आरएमओने नव्हे, कन्सल्टंटने करायचा असतो.

मामाची जागा अजूनही भरलेली नाही. रात्री सीटीसाठी स्वतंत्र माणूस असावा असे सर्वांना वाटते, पण तो नर्सिंगच्या खात्यावर की क्ष-किरण विभागाच्या, यावर दोन अर्थसंकल्प उलटले. वहीनुसार स्कॅनपूर्वीच्या उशिरात आज सर्वांत मोठा वाटा याच कारणाचा आहे.

सोनोग्राफीसाठी कॅज्युअल्टीतील आवश्यक प्रशिक्षण पूर्ण केलेल्या डॉक्टरचे नाव आणि तेथील यंत्र नोंदवण्याचा अर्ज महापालिकेच्या समुचित प्राधिकाऱ्याकडे दिला आहे. नोंदणी होईपर्यंत कॉलवरील रेडिओलॉजिस्टवरच भिस्त आहे. तिघांपैकी दोघे अर्ध्या तासात पोचू शकतात. तिसऱ्यांना ठाण्यापलीकडून यावे लागते. अंडकोषाला पीळ पडलेल्या मुलाच्या हाती साधारण सहा तासच असतात, आणि त्यांतले काही घरीच गेलेले असतात. म्हणून त्यांच्या कॉलच्या रात्री असा रुग्ण आला तर सोनोग्राफीची वाट न पाहता सर्जनला बोलवायचे, आणि सर्जन उपलब्ध नसेल तर लगेच मोठ्या महापालिका रुग्णालयात पाठवायचे, अशी लेखी सूचना कॅज्युअल्टीच्या टेबलावर लावलेली आहे.